वसुधा, तुझ्या फाइलमधलं माझं अक्षर

काल कॉलेजात तुझी शोकसभा झाली. प्राचार्य म्हणाले की वसुधाताईंच्या मनात कुणाविषयी कधी किल्मिष नव्हतं. मी तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसले होते. माझ्याविषयी तुझ्या मनात दहा वर्षं किल्मिष होतं. ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तुलाही ठाऊक होतं. तरी दहा वर्षं आपण दोघी स्टाफरूमच्या त्याच खिडकीपाशी बसून चहा प्यायलो.

मग हिंदी विभागातले कुणी उठले आणि तुझ्या फ्रेंच तत्त्वज्ञानाच्या गाढ्या व्यासंगाविषयी बोलले. तुझ्या खोलीत कधी पाऊल न टाकलेला माणूस. तू शेजारी असतीस तर हळूच विचारलं असतंस, गाढा म्हणजे किती, यांनी हात घालून पाहिला होता का? बोलणाऱ्याचं त्या बोलण्यात काय अडकलंय हे तपासल्याशिवाय तू कुणाचं वाक्य घरात घेत नव्हतीस. पॅरिसच्या पंडितांचं नाही, प्राचार्यांचं नाही, शेवटी माझंही नाही. ही सवय तू मला लावलीस. आता तुझ्यावर लिहायला बसलेय तर पहिला संशय स्वतःच्याच हेतूचा येतोय. बघू कुठवर जाते.

मध्य प्रदेश तेव्हा नवा नवा झाला होता. कचेऱ्या भोपाळला चालल्या होत्या आणि घराघरांत एकच चर्चा, कुणाची बदली झाली, कुणाची टळली. मी मुलींच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला लागले. गिरणीतल्या कारकुनाची मुलगी, पहिलीच नोकरी, दोन साड्या आलटून पालटून. तू तत्त्वज्ञानाची. होळकरांच्या पागेत चाकरी केलेल्या घराण्यातली, पलासियाहून सायकलवर येणारी. मला वाटलं होतं, ही बाई माझ्याशी काय बोलणार. पहिल्याच आठवड्यात तू माझ्या हातातलं पुस्तक ओढून घेतलंस, फ्रेंच राज्यक्रांतीचं प्रकरण चाळलंस आणि म्हणालीस की हे लिहिणारा इंग्रज आहे; शेजारच्या घरातलं भांडण तुम्ही त्यांच्या वैऱ्याकडून ऐकणार का?

मी म्हटलं, मग कुणाकडून ऐकू? तू म्हणालीस, फ्रेंच शिकू.

शिकवणारा तू आधीच हेरून ठेवला होतास. तुमच्या विहिरीचा पंप दुरुस्त करायला पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमधून सामीजी आले होते. एक नट काही केल्या बसेना, तेव्हा त्यांनी जी शिवी हासडली ती हिंदी नव्हती, तमिळही वाटली नाही. तू विहिरीच्या काठावर उभी राहून त्यांची पूर्ण चौकशी केलीस. सामीजी पाँडिचेरीचे. तरुणपणी फ्रेंचांच्या पलटणीत भरती झालेले, इंडोचायनात लढून आलेले, आणि आता इंदुरात लेथवर फोरमन. दर रविवारी सकाळी आपण त्यांच्या क्वार्टरवर जायचो. त्यांची बायको कॉफी द्यायची, बाहेर लोखंडाचा कीस पडलेला असायचा, आणि सामीजी खुर्चीत ताठ बसून सांगायचे, "नाक से बोलो मॅडम, सर्दी जैसा." व्याकरण आपण पुस्तकातून शिकलो, पण जीभ त्यांनी दिली. ती पलटणीतली जीभ आहे हे आपल्याला फार उशिरा कळलं.

सहा महिन्यांत 'तुम्ही'चं 'तू' झालं. तेही तूच केलंस. त्या भाषेतसुद्धा दोन आहेत, एक लांबचं आणि एक जवळचं. मग मराठीत आपण उगाच लांबचं कशाला वापरायचं, असं म्हणालीस. मी तुझ्याहून चार वर्षांनी लहान. मला जीभ वळवायला आठवडा लागला.

पॅरिसच्या एका पुस्तकवाल्याकडून तू पुस्तकं मागवायचीस, एक मासिकही यायचं. युद्धानंतरच्या तिथल्या अस्तित्ववादी मंडळींचं म्हणणं आपण तुझ्या माडीवरच्या खोलीत बसून ओळीओळीने सोडवलं. माणूस आधी असतो आणि काय व्हायचं ते त्याचं तोच ठरवतो. मी असाच आहे, माझा नाइलाज होता, असं म्हणणारा स्वतःशीच लबाडी करतो. मला ते वाचून अंगावर काटा आला होता. आमच्या चाळीत 'नाइलाज' हा शब्द मिठासारखा वापरला जायचा. तू मात्र लगेच विरघळली नाहीस. ज्यांना आपण वाचत होतो त्यांच्यावरच तुझा सगळ्यात जास्त संशय. हा मनुष्य कॉफीच्या टेबलापाशी बसून मजुराच्या स्वातंत्र्यावर लिहितोय, याने मजुराला कधी रस्ता तरी विचारलाय का? अल्जीरियात फ्रेंच सैन्य लोकांना छळत होतं आणि पॅरिसमधले लेखक आपल्याच सरकारविरुद्ध पत्रकांवर सह्या करत होते, ते वाचून मी भारावले. तू विचारलंस, सही करून हा दुपारी कुठे जेवायला गेला?

एका रविवारी तू स्वातंत्र्यावरचा एक उतारा सामीजींना वाचून दाखवलास. त्यांनी डोळे मिटून सगळा ऐकला. मग म्हणाले, "साहब लोग अच्छा लिखता है. हमको भी फ्रीडम के वास्ते भेजा था. किसका फ्रीडम, वो नहीं बोला."

तू ते वाक्य तुझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात तळटीप म्हणून घातलंस. खाली लिहिलंस: एका सैनिकाशी संभाषण, इंदूर. तुझे मार्गदर्शक म्हणाले की प्रबंधात फोरमनचा आधार देत नाहीत, काढून टाका. तू काढली नाहीस. दोन वेळा त्यांनी सांगितलं, दोन वेळा तू नाही म्हणालीस, आणि मग बांधलेला प्रबंध परत घेऊन आलीस. मी तुझ्याशी भांडले. एका तळटिपेसाठी पाच वर्षं पाण्यात घालतेस? तू म्हणालीस, त्या तळटिपेशिवाय बाकीचं मला खरं वाटत नाही. हे भांडण आपलं कधी मिटलंच नाही. मला आजही वाटतं की तू चुकलीस. आणि आजही एम.ए.च्या मुलींना शिकवताना मी सामीजींचं ते वाक्य सांगते.

त्याच हिवाळ्यात पॅरिसचे एक प्राध्यापक व्याख्यानासाठी इंदुरात आले. हॉलमध्ये पन्नास माणसं, त्यांपैकी त्यांची भाषा कळणाऱ्या आपण दोघी. व्याख्यान संपल्यावर तू उठून फ्रेंचमध्ये प्रश्न विचारलास: अल्जीरियाविषयी तुम्ही पहिली काही वर्षं गप्प का होता? त्यांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग ते खो खो हसायला लागले. तुला कळेना. 'गप्प बसणं' यासाठी तू जो शब्द वापरलास तो सामीजींच्या पलटणीतला होता, भल्या घरच्या बाईच्या तोंडी न शोभणारा. त्यांनी ते समजावून सांगितलं तेव्हा तूही हसलीस. पण खाली बसली नाहीस. म्हणालीस, शब्द चुकला, प्रश्न तोच आहे. दुसऱ्या दिवशी ते तुझ्या घरी चहाला आले आणि तीन तास बसले. पुढे एका वर्षाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज त्यांनीच पाठवला. तुझा प्रबंध त्यांना पाहायचा होता, तळटिपेसकट.

आता जे लिहायचं आहे ते मी दहा वर्षं लिहिलं नाही, बोललेही नाही.

चीनशी लढाई चालू होती. तुझी पॅरिसची पाकिटं एका कडेला कापून पुन्हा चिकटवलेली यायला लागली होती. तू ती डिंकाची कड मला दाखवायचीस आणि म्हणायचीस, आपल्याला आणखी एक वाचक मिळाला. एक दिवस मला प्राचार्यांच्या खोलीत बोलावणं आलं. प्राचार्य स्वतः बाहेर निघून गेले. आत पांढरा बुशशर्ट घातलेला, पन्नाशीचा, अगदी सभ्य गृहस्थ बसला होता; सी.आय.डी.चा, हे कुणी सांगावं लागलं नाही. त्याच्यासमोर तुझं मासिक होतं. त्या अंकाचं मुखपृष्ठ नेमकं लाल. त्याने मला बसायला सांगितलं, माझ्या वडिलांची गिरणी कोणती हे विचारलं, त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. त्याला सगळं आधीच माहीत होतं. मग अंक माझ्याकडे सरकवून म्हणाला की यात काय काय आहे ते जरा हिंदीत लिहून द्या.

त्यात अल्जीरियातल्या छळावर एक लेख होता. दुसरा चीनमधल्या नव्या सामुदायिक शेतीवर. मी कागद घेतला आणि लिहिलं: साहित्य, कला, नैतिक प्रश्न, ग्रामजीवन. चीनच्या शेतीचं मी ग्रामजीवन केलं. मनातून मला स्वतःचं कौतुक वाटत होतं की मी तुला वाचवतेय. त्याने कागद वाचला, मान हलवली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "और मॅडम खुद? पार्टी-वार्टी में हैं क्या?"

"नहीं जी," मी म्हटलं. "वो तो किसी की नहीं मानतीं."

मी ते अभिमानाने म्हटलं होतं. तुझी याहून मोठी स्तुती मला सुचली नसती. तो म्हणाला, ये भी लिख दीजिए. मी लिहिलं. खाली सही केली.

बाहेर आले तर तू व्हरांड्यात मुलींशी बोलत उभी होतीस. तू विचारलंस, कशाला बोलावलं होतं? मी म्हटलं, टाइमटेबलचं काहीतरी होतं. का असं म्हटलं? तुला काळजी नको म्हणून, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. खरं असं की मी काही चूक केली आहे की नाही हे मलाच कळत नव्हतं, आणि तुला सांगितलं असतं तर तू एका मिनिटात ते दाखवून दिलं असतंस.

उन्हाळ्यात शिष्यवृत्तीचं पत्र आलं. तुझ्या वहिनी आपल्याला टांग्यात घालून खजराण्याच्या गणपतीला घेऊन गेल्या. तू गाभाऱ्याबाहेर उभी राहून फुलवालीशी मालवी बोलीत गप्पा मारत होतीस, वहिनी नारळ फोडत होत्या. मी हात जोडले, मागितलं काही नाही. परत येताना तू टांग्यात पॅरिसमधल्या ज्या ग्रंथालयांत बसणार होतीस त्यांची नावं सांगत होतीस, आणि वहिनी विचारत होत्या की तिथे तूरडाळ मिळते का.

पासपोर्टच्या चौकशीला तीन महिने लागले. मग नकार आला. कारण दिलेलं नव्हतं. तू गप्प बसणारी नव्हतीस. कचेरीत जाऊन धडकलीस. तिथे काय झालं ते तू मला सांगितलं नाहीस, पण मला कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टाफरूममध्ये आले, तू खिडकीपाशी बसली होतीस, नेहमीसारखी कपबशी माझ्याकडे सरकवलीस आणि म्हणालीस, "कमल, तुम्ही चहा घेणार ना?"

तुम्ही.

त्या एका शब्दावरून मला समजलं की कचेरीतल्या फाइलमध्ये तू तो कागद पाहिलास. माझं अक्षर तू कुठेही ओळखलं असतंस. पाच वर्षं आपण एकाच वहीत शब्दार्थ लिहीत होतो. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, घेते.

नंतरच्या वर्षांविषयी काय सांगू? तू वाईट वागली नाहीस. माझे वडील गेले तेव्हा आधी आलीस आणि शेवटी गेलीस. माझ्या लेखांचे कच्चे मसुदे तपासून द्यायचीस, समासात तुझे ते बारीक प्रश्न: हे कुणी म्हटलं? तुम्हाला कसं माहीत? सामीजी पाँडिचेरीला परत गेले तेव्हा आपण दोघी त्यांना पोचवायला स्टेशनवर गेलो. पण तुझ्या माडीवर तू मला पुन्हा बोलावलं नाहीस. आणि मी, जिने राज्यशास्त्राच्या वर्गात नागरिकांच्या धैर्यावर दरवर्षी तीन तास घेतले, ती कधी जिन्याच्या पहिल्या पायरीवरही चढले नाही.

मीही संशय घ्यायला लागले होते. तुझी पुस्तकं पुढेही येत राहिली, कुणी अडवली नाहीत. तुला विभागप्रमुख केलं. मी विचार करायची, ही कचेरीत जाऊन आली, तिने तिथे काही लिहून तर दिलं नसेल? माझ्याविषयी? इतकं खालच्या पातळीवरचं मी तुझ्याबद्दल मनात आणलं. त्याचा मला एक फायदा होता, तू दोषी असलीस तर मी बोलायची गरज उरत नव्हती.

पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांनी रस्ते अडवले, गिरण्या बंद पडल्या, ती बातमी आली तेव्हा आपण स्टाफरूमच्या रेडिओपाशी कान लावून बसलो होतो. मला वाटलं, आज तरी ही मोकळी होईल. तिथे असायला हवं होतं तुला. तू बराच वेळ ऐकलंस आणि म्हणालीस, बघा, आता याच्यावर पुस्तकं लिहिणारे कोण असतील ते पाहा, दगड उचलणारे त्यांत फार नसतील. मी म्हटलं, तुम्हाला जायला मिळालं असतं तर... तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटतं, तू अर्धा मिनिट थांबलीस. मग घंटा झाली आणि मी हजेरीबुक उचललं.

आणि गेल्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये. तू फार वाळली होतीस, पण डोळे तसेच. उशाशी तुझा तोच जुना प्रबंध होता. तू तो मराठीत लिहून काढत होतीस, पुन्हा पहिल्यापासून. एक शब्द तुला अडला होता. माणूस स्वतःशी जी लबाडी करतो तिला मराठीत काय म्हणायचं? मी 'आत्मवंचना' सुचवलं होतं, पंधरा वर्षांपूर्वी. तू म्हणालीस, फार सोवळा शब्द आहे तो, त्यात करणारा सापडत नाही. मी 'स्वतःला मारलेली थाप' म्हणणार आहे. मग जरा दम घेऊन म्हणालीस, "पण स्वतःला मारलेली थाप स्वतःला पकडता येते का? की समोर दुसरं माणूस लागतं? तुम्हाला काय वाटतं, कमल?"

मी मोसंबं सोलत होते. म्हटलं, आता बोलू नका, दमाल.

गेल्या आठवड्यात, तेराव्याला, मी तुमच्या घरी आले. जेवणं झाली, माणसं पांगली. तुझे दादा मला ओसरीवर घेऊन गेले. त्यांनी ते सगळं इंदुरी पद्धतीने, अर्धं हिंदीत अर्धं मराठीत सांगितलं, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पासपोर्टची चौकशी घरी आली तेव्हा त्यांची भोपाळची बढती अडकून होती. तो बुशशर्टवाला गृहस्थ ओसरीवर बसून म्हणाला होता की बहीण एकटी परदेशी जाणार, तिथली पत्रं येतात, आपल्याला चालेल का? दादांनी लिहून दिलं की घरच्यांची हरकत आहे.

"मी डरलो," ते म्हणाले. "साफ सांगतो. नोकरीला डरलो, लोकांना डरलो. ती परत येणार नाही म्हणून पण डरलो."

मी त्यांना विचारलं, वसुधाला हे कधी कळलं? मला वाटलं होतं ते म्हणतील, कधीच नाही. ते म्हणाले, त्याच वर्षी. दिवाळीच्या आधी. ती जेवायला वाढत होती, आणि तिने सरळ विचारलं, दादा, तुम्ही काही लिहून दिलंत का? आणि ते सरळ हो म्हणाले. चार दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलायला लागली.

"मला म्हणाली, दादा, तुम्ही विचारल्यावर सांगितलंत तरी. कमल रोज समोर बसते. तिचं काय अडून राहिलंय, कळत नाही. मी वाट बघतेय."

मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते. दहा वर्षं, वसुधा. मी समजत होते की तू मला शिक्षा देतेस. तुझा पासपोर्ट माझ्यामुळे गेला असं तू धरून बसली आहेस, आणि ते सिद्ध कुणीच करू शकत नाही, म्हणून मी गप्प राहायला मोकळी. तुला तर कारण केव्हाच कळलं होतं, निदान अर्धं. कागद कुणाचा किती चालला ते त्या फाइललाच ठाऊक. तू फक्त वाट बघत होतीस की मी कधी बोलते.

मग दादांनी जे मागितलं ते मला देता येण्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, "कमलजी, तुम्ही तिच्या सगळ्यांत जवळच्या. तिच्या वतीने म्हणा ना, माफ केलं म्हणून." साठीला आलेला माणूस, हातात पंच्याचं टोक. मी म्हटलं, दादा, तिच्या वतीने बोलायचा अधिकार मला नाही. मग मी त्यांना बुशशर्टवाल्याची माझी भेट सांगितली, पहिल्यापासून, ग्रामजीवनासकट. किसी की नहीं मानतीं, हेही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या तोंडून बाहेर पडलं, आणि ऐकायला होते तुझे दादा. ते म्हणाले की तिला हे तुमच्याकडून ऐकायला आवडलं असतं. वहिनींनी आतून चहा पाठवला. आम्ही दोघांनी तो ओसरीवरच घेतला.

प्रबंधाचं मराठी हस्तलिखित त्यांनी मला दिलं आहे. दोनशे चौदा पानं झाली आहेत, चौथं प्रकरण अर्ध्यावर. मी ते पुरं करणार नाही. तुझ्या वाक्यांच्या पुढे माझी वाक्यं लावण्याइतका माझा माझ्यावर भरवसा नाही. आहे तसंच छापायला देईन, जिथे थांबलं तिथे थांबलेलं. सामीजींची तळटीप जागच्या जागी राहील. छापणारे काढा म्हणाले तर परत घेऊन येईन.

आता एकच राहिलं. ते दादांनाही सांगितलं नाही.

नकाराचं पत्र आलं त्या दिवशी तू मला वर्गाबाहेर बोलावून ते दाखवलंस. मी ते वाचलं, तुझ्या खांद्यावर हात ठेवला, सरकारला चार शब्द बोलले. आणि ते वाचताना, सगळ्यांच्या आधी, दुःखाच्याही आधी, मला बरं वाटलं. तू इथेच राहणार. रविवार तसेच राहणार. मी मागे, इंदुरात, एकटी त्या स्टाफरूममध्ये उरणार नाही. एक क्षणच वाटलं, पण वाटलं. बुशशर्टवाल्यासमोर पेन उचलताना यातलं काही माझ्या हातात होतं का, ते मला माहीत नाही. नव्हतं असं मी शपथेवर सांगितलं असतं, तर तू माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली असतीस.

हे सांगून मला हलकं वाटतंय. तेच मला पटत नाही. समोर बसून तू "हे आत्ताच का सांगतेस?" असं विचारू शकत होतीस, तेव्हा मी मोसंबं सोललं. तू विचारू शकत नाहीस तेव्हा माझी जीभ सुटली.